श्रमबाजारातील ‘घर्षण’ आणि एकूण रोजगार : एका संज्ञेची चिकित्सा

१

शास्त्राच्या परिभाषेत एखादे रूपक शिरले, की काही काळाने ते रूपक आहे याचा विसर पडतो. परंतु त्याच्यासोबत आलेली गृहीते मात्र कायम राहतात. श्रमबाजाराच्या आधुनिक विवेचनात वारंवार येणारी ‘घर्षण’ ही संज्ञा या प्रकारची आहे. यंत्रविज्ञानात घर्षण म्हणजे एकमेकांवर सरकणाऱ्या दोन पृष्ठभागांमधील विरोध. त्यामुळे गती मंदावते आणि काही शक्ती वाया जाते. अर्थशास्त्राने ही संज्ञा स्वीकारली ती अशा अभिप्रायाने, की मागणी-पुरवठ्याचे यंत्र मूलतः सुरळीत चालणारे आहे, आणि काम व कामगार यांची गाठ पडण्यास जो विलंब लागतो तो त्या यंत्रातील विरोधामुळे. विरोध कमी करा म्हणजे रोजगार वाढेल, हा निष्कर्ष या रूपकातच गर्भित आहे.

हा निष्कर्ष कितपत टिकतो, हे येथे पाहावयाचे आहे. ‘घर्षण’ या एका शब्दाखाली निदान तीन भिन्न गोष्टी एकत्र आल्या आहेत : शोधास लागणारा वेळ, नोकरी देण्या-तोडण्याचा खर्च, आणि दोन पक्षांच्या बळातील विषमता. एकूण रोजगारावर या तिन्हींचा परिणाम एकाच दिशेने होत नाही. त्या वेगळ्या केल्यावाचून ‘घर्षणामुळे रोजगार घटतो काय?’ या प्रश्नाला अर्थपूर्ण उत्तर देता येणार नाही.

२

संज्ञेचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. केन्स यांच्या १९३६ च्या ‘जनरल थिअरी’त घर्षणात्मक बेकारीचा उल्लेख येतो तो मुख्यतः तिला बाजूला सारण्यासाठी. एक काम सोडून दुसरे मिळेपर्यंत जाणारा काळ किंवा मागणीचे चुकलेले अंदाज यांतून उद्भवणारी बेकारी अभिजात सिद्धांताला मान्यच होती. केन्स यांचा वाद तिच्याविषयी नव्हता. त्यांना प्रस्थापित करावयाची होती ती अनैच्छिक बेकारी, जिचे मूळ एकूण मागणीच्या अपुरेपणात आहे. म्हणजे या टप्प्यावर ‘घर्षण’ ही एक शेषवाचक संज्ञा होती. मुख्य कारण सांगून झाल्यावर जे उरते त्याचे ते नाव. बेव्हरिज यांनी १९४४ साली पूर्ण रोजगाराच्या स्थितीतही सुमारे ३ टक्के बेकारी राहील असे धरले, ते याच अर्थाने.

पुढे या शेषाचे केंद्र झाले. स्टिग्लर यांनी १९६१ आणि १९६२ च्या निबंधांत माहिती मिळविण्यास खर्च पडतो ही साधी गोष्ट विश्लेषणाच्या कक्षेत आणली. डिसेंबर १९६७ मधील फ्रीडमन यांच्या अध्यक्षीय भाषणात ‘नैसर्गिक’ बेकारीच्या दराची कल्पना मांडली गेली आणि माहितीचा व स्थलांतराचा खर्च हे त्या दराचे घटक ठरले. त्यानंतर पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडिस यांनी शोध आणि जुळणी यांचा पद्धतशीर सिद्धांत उभारला. २०१० चा नोबेल स्मृती पुरस्कार या तिघांस मिळाला. जी बेकारी केन्स यांनी प्रास्ताविकातच बाजूला ठेवली होती, तीच आता बेकारीचे सर्वसामान्य रूप म्हणून मांडली जाऊ लागली. संज्ञा तीच राहिली. तिच्या अर्थाची व्याप्ती मात्र पालटली. भाषेत असे अर्थविस्तार नित्य घडतात; परंतु शास्त्रात ते घडले म्हणजे त्यांची नोंद घ्यावी लागते.

३

या सिद्धांताचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. बेकारी हा साचलेला साठा नसून प्रवाहांचा परिणाम आहे, ही त्याची मूळ दृष्टी. समजा, दर महिन्यास नोकरीत असलेल्या १०० जणांपैकी २ जणांची नोकरी सुटते आणि बेकार असलेल्या १०० जणांपैकी ३८ जणांना काम मिळते. तर स्थिर स्थितीत बेकारीचा दर २ भागिले ४०, म्हणजे ५ टक्के येतो. शोध अधिक अवघड होऊन ३८ च्या जागी १८ जणांनाच काम मिळू लागले, तर तोच दर २ भागिले २०, म्हणजे १० टक्के होतो. नोकऱ्या सुटण्याचे प्रमाण तेच असताना केवळ शोधाच्या दिरंगाईने बेकारी दुप्पट झाली. घर्षणाच्या पहिल्या अर्थापुरता सिद्धांताचा निष्कर्ष असा स्पष्ट आहे आणि तो ग्राह्यही आहे.

परंतु शोध खर्चाचा आहे असे एकदा मानले, की आणखी एक गोष्ट ओघाने येते. ज्या मालकास मनासारखा माणूस मिळाला आहे आणि ज्या माणसास काम मिळाले आहे, त्या दोघांनाही पुन्हा शोधास लागणे परवडत नाही. म्हणून त्या जोडीच्या हाती एक वाढावा राहतो आणि तो कोणी किती घ्यावा हे बाजारभावाने ठरत नाही, तर वाटाघाटीने ठरते. मराठीत ‘घर्षण’ हा तत्सम शब्द आणि ‘घासणे’ हे तद्भव क्रियापद एकाच मुळापासून आले आहेत, आणि याच ‘घासणे’पासून सौद्यातील ‘घासाघीस’ निघाली आहे. व्युत्पत्ती हा सिद्धांताचा पुरावा नव्हे. तथापि येथे ती नेमके बोट ठेवते. जेथे घर्षण आहे तेथे घासाघीस आहे, आणि घासाघिशीत कोणाची बाजू वरचढ होईल हे घर्षणाच्या मापावरून कळत नाही.

सिद्धांताची कसोटी लागली तीही याच ठिकाणी. रॉबर्ट शायमर यांनी २००५ साली अमेरिकेच्या आकडेवारीवरून दाखविले, की रिक्त जागा आणि बेकार यांच्या गुणोत्तरातील चढउतार सरासरी उत्पादकतेतील चढउतारांच्या सुमारे २० पट असतात. प्रमाणभूत प्रतिमानात मात्र ते जवळजवळ समप्रमाण येतात. उत्पादकता वाढली की वाटाघाटीने वेतनही वाढते, मालकाचा लाभ फारसा वाढत नाही, आणि नव्या जागा निघत नाहीत, असे ते प्रतिमान सांगते. प्रत्यक्षात तसे होत नाही. या अपयशावर पुढे जे उपाय सुचविले गेले त्यांतील पुष्कळसे वेतननिश्चितीच्या रीतीविषयी आहेत. म्हणजे रोजगाराचे चढउतार समजण्यासाठी घर्षणापेक्षा घासाघिशीकडे वळावे लागले.

याहून मूलगामी मुद्दा ॲलन मॅनिंग यांच्या २००३ च्या ग्रंथात येतो. नोकरी बदलणे कामगारास कठीण असेल, तर मालकास त्याच्या उत्पादकतेहून कमी वेतनावर त्याला ठेवता येते. अशा स्थितीत मालक कमी वेतनावर जितकी माणसे टिकतील तितकीच ठेवतो. आणि किमान वेतनाचा कायदा, ज्यास एरवी बाजारातील अडथळा म्हटले जाते, तो काही मर्यादेपर्यंत रोजगार वाढवूही शकतो. एका घर्षणाचा दुष्परिणाम दुसऱ्या तथाकथित घर्षणाने भरून निघतो, हे यंत्राच्या रूपकात बसविणे कठीण आहे.

४

आता संज्ञेचा दुसरा अर्थ. माणूस कामावरून कमी करण्यास खर्च पडत असेल, तर एकूण रोजगार घटतो काय? सामान्यतः घटतो असे गृहीत धरले जाते. परंतु या खर्चाचा परिणाम दोन दारांवर होतो. बाहेर जाण्याचे दार जड झाले म्हणजे आत येण्याचे दारही जड होते, कारण उद्या काढता येणार नाही त्या माणसास आज घेताना मालक बिचकतो. वरच्याच उदाहरणात नोकरी सुटणाऱ्यांचे प्रमाण २ वरून १ वर आणि काम मिळणाऱ्यांचे ३८ वरून १९ वर आले असे समजा. बेकारीचा दर १ भागिले २०, म्हणजे पुन्हा ५ टक्केच येतो. एकूण रोजगार तसूभरही हलला नाही. परंतु बेकार राहण्याचा सरासरी काळ अडीच महिन्यांच्या आसपास होता, तो पाच महिन्यांवर गेला. जो आत आहे तो अधिक सुरक्षित झाला, जो बाहेर आहे त्याची प्रतीक्षा वाढली.

गणिती प्रतिमानांचे निष्कर्षही या प्रश्नावर एकमुखी नाहीत. बेन्तोलिला आणि बेर्तोला यांच्या १९९० च्या निबंधात युरोपातील कामगारकपातीच्या खर्चाने सरासरी रोजगार किंचित वाढतो असे आढळले. होपनहेन आणि रॉजरसन यांच्या १९९३ च्या निबंधात एका वर्षाच्या वेतनाइतक्या कपात-कराने रोजगार सुमारे २.५ टक्क्यांनी घटतो असे निघाले. दोन्ही निबंध काळजीपूर्वक केलेले आहेत. फरक आहे तो गृहीतांचा. ‘घर्षण’ हा शब्द उच्चारताच उत्तर ठरून गेले असते, तर या दोन निबंधांत भेद पडण्याचे कारण नव्हते.

५

या संज्ञेची प्रत्यक्षात परीक्षा घेण्यास मुंबईच्या कापडगिरण्यांचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिली गिरणी स्थापन केली आणि पुढील काही दशकांत रत्नागिरी, सातारा इत्यादी जिल्ह्यांतून हजारो माणसे या गिरण्यांत आली. त्यांची भरती मुख्यतः जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हाती होती. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. भरती, देखरेख, शिस्त, प्रसंगी उसनवारी, या सर्व गोष्टी त्याच व्यक्तीकडे असत. काम मिळविण्यासाठी आणि टिकविण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. पाळी सुरू होताना फाटकापाशी उमेदवारांची गर्दी असे आणि गैरहजर कामगाराच्या जागी त्यांतून ‘बदली’ घेतला जाई. अन्यत्र ‘बदली’ म्हणजे नोकराचे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे. गिरणगावाच्या बोलीत मात्र तो शब्द माणसालाच लागला. क्रियेचे नाव व्यक्तीला मिळावे, यातच त्या व्यक्तीची स्थिती सूचित होते.

जॉबर हे घर्षण होते की वंगण? गिरणीच्या बाजूने पाहिले तर तो वंगण होता. शोधाचा खर्च जवळजवळ शून्य, आणि रिक्त जागा दीर्घकाळ रिक्त राहण्याचा प्रश्नच नाही. कामगाराच्या बाजूने पाहिले तर तोच जॉबर घर्षणाचे मूर्त रूप होता : रोजची प्रतीक्षा, दस्तुरी, आणि मर्जी. सिद्धांतात रिक्त जागा आणि बेकार यांच्या संख्या एकाच आलेखावर मांडून घर्षणाचे माप काढले जाते. बेकार पुष्कळ आणि रिक्त जागाही पुष्कळ, तर घर्षण अधिक. मुंबईच्या फाटकावर बेकार पुष्कळ होते आणि रिक्त जागा नव्हत्या. त्या मापाने येथे घर्षण नव्हतेच, केवळ मागणी अपुरी होती, असे म्हणावे लागेल. विलंबाचा सारा भार एकाच पक्षावर ढकलला गेला असेल तर ते माप आंधळे होते.

या बाजाराविषयीच्या विद्वच्चर्चेतही हाच प्रश्न निराळ्या रूपाने आला आहे. गिरणीकामगार मनाने खेड्यातच राहतो, म्हणून श्रमबाजार अस्थिर राहतो, असे दीर्घकाळ सांगितले गेले. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ च्या ग्रंथात श्रमाची टंचाई नव्हतीच असे दाखवून त्या अस्थिरतेचे मूळ व्यवस्थापनाच्या धोरणात शोधले. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली पुढे दाखविले, की मालाच्या मागणीतील चढउतारांशी जुळवून घेण्यासाठी गिरण्यांना हंगामी माणसांचा साठा हवाच होता, आणि जॉबरची सत्ताही वाडी-वस्तीतील संबंधांनी मर्यादित केलेली होती. म्हणजे ज्यास बाजारातील दोष म्हणावे, तीच त्या बाजाराची चालण्याची रीत होती.

यानंतर जी सुधारणा झाली तिचा परिणाम सर्वांत बोधप्रद आहे. शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरकडील भरतीचा अधिकार काढून घेण्याची शिफारस केली. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत सुरू केली. ठरावीक लोकांना महिन्याच्या आरंभी कार्डे द्यावयाची आणि रिकाम्या जागी त्यांनाच घ्यावयाचे. १९४९-५० मध्ये मुंबई सरकारने कापडगिरण्यांसाठी नोंदणीची व्यापक योजना आणली. गोदी कामगारांसाठी १९४८ चा कायदा याच विचाराचा होता. लंडनच्या गोदीविषयी बेव्हरिज यांनी १९०९ साली मांडलेला मुद्दा या योजनांच्या मुळाशी आहे : प्रत्येक धक्का आपापला राखीव साठा बाळगतो, म्हणून सर्व साठ्यांची बेरीज शहराच्या खऱ्या गरजेहून मोठी होते. समजा, दहा धक्क्यांवर सरासरी ६० माणसे लागतात आणि गर्दीच्या दिवशी १००. प्रत्येकाने स्वतंत्र साठा ठेवल्यास १००० माणसे आशेवर जगतात. गर्दीचे दिवस निरनिराळे असल्याने एकत्र नोंदणीत ७०० पुरतील.

येथे घर्षण निश्चितच कमी झाले. पण एकूण रोजगाराचे काय झाले? कामाचे दिवस तितकेच राहिले. पूर्वी ते १००० जणांत विभागले जात होते, आता ७०० जणांत. माणसे मोजली तर रोजगार घटला. दिवस मोजले तर तो स्थिर राहिला. प्रत्येकास मिळणारे दिवस पाहिले तर तो सुधारला. आणि ३०० माणसांना आता दुसरीकडे वाट शोधावी लागली. घर्षण घटले की रोजगार वाढतो, या सूत्रास एवढे एक उदाहरण अडचणीत आणण्यास पुरेसे आहे.

‘एकूण रोजगार’ ही संज्ञादेखील घर्षणाइतकीच तपासून घेतली पाहिजे, हे यावरून ध्यानात येईल. ‘रोजगार’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ काळ, दिवसमान असा आहे, आणि ‘रोज’ म्हणजे दिवस. मराठीतील ‘रोजंदारी’त तो मूळ अर्थ अद्याप जिवंत आहे. दांतवाला समितीने १९७० साली भारतातील बेकारी एकाच आकड्यात सांगण्याचा आग्रह सोडावा असे सुचविले, आणि १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत नेहमीची, साप्ताहिक आणि दैनिक अशा तीन स्थितींनुसार मोजणी झाली. महिन्यातून बारा दिवस काम मिळणारा बदली पहिल्या मापाने रोजगारात आहे, तिसऱ्या मापाने बव्हंशी बेकार आहे. कोणत्या मापावर घर्षणाचा परिणाम पाहिला जात आहे, हे न सांगणारा अभ्यास अर्धवट राहतो.

६

संज्ञेच्या संदिग्धतेचे परिणाम कोठवर जातात, हे भारतीय कामगारकायद्यांच्या चर्चेत दिसते. औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ चा. १९७६ च्या दुरुस्तीने ३०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी आवश्यक झाली. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० केली. या वादात सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध म्हणजे टिमथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांचा २००४ चा. राज्यांनी या अधिनियमात १९५८ ते १९९२ या काळात केलेल्या दुरुस्त्या वाचून लेखकद्वयाने प्रत्येकीस कामगारधार्जिणी असल्यास अधिक एक, मालकधार्जिणी असल्यास उणे एक, अन्यथा शून्य असे गुण दिले आणि त्यांची बेरीज करून राज्यांची वर्गवारी केली. कामगारांकडे झुकलेल्या राज्यांत नोंदणीकृत कारखान्यांतील उत्पादन व रोजगार घटले, असा निष्कर्ष निघाला.

या निबंधाचे संख्याशास्त्र सोडून दिले तरी त्याचा पाया वाचनाचा आहे, आणि वाचन तपासता येते. आदित्य भट्टाचारजी यांनी २००६ साली ते तपासले. गुजरात कामगारधार्जिणे ठरले ते १९७३ च्या एका दुरुस्तीमुळे. तीत संयुक्त व्यवस्थापन मंडळावर प्रतिनिधी न नेमणाऱ्या मालकास दररोज ५० रुपये दंडाची तरतूद होती. केरळ या वर्गवारीत मालकधार्जिणे ठरले. विधिवाक्याचा अर्थ त्याच्या व्याप्तीवर, अपवादांवर आणि अंमलबजावणीवर अवलंबून असतो. किरकोळ दंड आणि कारखाना बंद करण्यावरील निर्बंध या दोन वाक्यांना एकच गुण देणे म्हणजे वाक्याचा अर्थ न पाहता केवळ त्याचा रोख पाहणे होय. आणि बेरीज करताना रोखांची बेरीज होते, अर्थांची नाही.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. वाचन एकाच अधिनियमापुरते मर्यादित राहिले. महाराष्ट्रातील गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम लागू होता, तो या वाचनाबाहेर राहिला. १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसंबंधीचा कायदाही बाहेरच राहिला. या कायद्याने मालक आणि कामगार या दोघांचीही मंडळाकडे नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, आणि मजुरीवर लेव्ही अशी व्यवस्था केली. माथ्यावर ओझे वाहणारा तो ‘माथाडी’. ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते, त्याला या कायद्याने प्रथम नोंदीत आणले. हा कायदा अधिक एक म्हणावा, की त्याने मुकादमाच्या जागी नवी जुळणी-यंत्रणा उभारली म्हणून त्यास वंगण म्हणावे? एकाच अक्षावर त्याला स्थान देता येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. त्याच निबंधात अनोंदणीकृत क्षेत्र वाढल्याचेही आढळले. कायद्याचा भार ‘कायम कामगार’ या शब्दावर पडला की माणसे बदली, तात्पुरते, कंत्राटी अशा इतर शब्दांखाली सरकतात, आणि उत्पादन कायद्याच्या उंबरठ्याखालील जागांत सरकते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपानंतर भिवंडीच्या यंत्रमागांकडे जे काम वळले, ते या सरकण्याचे ठळक उदाहरण आहे. त्याची कारणे मात्र केवळ कायद्यात नव्हती. अशा वेळी घटतो तो एका नावाखालचा रोजगार. एकूण रोजगार किती घटला, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

७

सारांश, ‘घर्षण’ ही संज्ञा टाकून द्यावी असे सुचविण्याचे कारण नाही. ती विभागून वापरावी. शोधास लागणारा वेळ या अर्थी घर्षण वाढले तर बेकारी वाढते, हे ग्राह्य आहे. नोकरी तोडण्याचा खर्च या अर्थी ते दोन्ही प्रवाह मंद करते, आणि एकूण रोजगारावरील परिणाम दोहोंतील प्रमाणावर अवलंबून राहतो. बळाची विषमता या अर्थी ते प्रथम वेतन ठरविते. रोजगारावरील परिणाम त्या वेतनातून येतो आणि तो पहिल्या अर्थाच्या विरुद्ध दिशेचे उपायही मागतो. तिन्ही अर्थ एकाच शब्दात मिसळले, की पहिल्या अर्थाचा पुरावा दुसऱ्या अर्थाच्या धोरणासाठी वापरला जातो, आणि तिसरा अर्थ चर्चेतूनच निसटतो.

यंत्राच्या रूपकात विरोध कोणाला होतो हे विचारावे लागत नाही. यंत्राला पक्ष नसतात. श्रमबाजाराला ते आहेत. यास्तव घर्षण मोजू पाहणाऱ्या प्रत्येक अभ्यासाने आरंभी दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत : हा विलंब कोणाचा, आणि रोजगार माणसांनी मोजला की दिवसांनी. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बदलीच्या प्रतीक्षेला ज्या मापात स्थान नाही, त्या मापाने काढलेला एकूण रोजगाराचा आकडा अचूक असला तरी अपुरा आहे.